कुंपणातला गोठा

सोमवार, ४ मार्च

आज ऑफिसातून सगळी डुकरं गायब झाली!

शनिवारपर्यंत कुंपणावर, म्हणजे आमच्या गाळून दिलेल्या इंटरनेटवर, 'डुकराचं पिल्लू' शोधलं की पाच-सहा पानं तरी यायची. आज कोरं. एल्विनने जाता जाता यंत्राची चाळणी बदलली होती – चित्रात उघडी कातडी फार दिसली की पान आपोआप बंद. यंत्र बिचारं इमानदार. त्याने गुलाबी कातडी पाहिली, अंगावर चिंधी नाही हे पाहिलं, आणि लँकेस्टर काउंटीतली यच्चयावत डुकरं असभ्य ठरवून टाकली.

माझ्या शेजारी बसणारी एडा मे हसून हसून टेबलावर आडवी. "एल्विन, आपण त्यांना आधी कपडे शिवू या का? माझ्याकडे उरलेलं कापड आहे!" एल्विनचे कान लालभडक. साहेब आहे आमचा, पण कान काही त्याच्या ताब्यात नाहीत.

दिवसभर डुकरांना परत आत घेत बसले. एकेक पान डोळ्यांनी पाहून. आमच्या मेनोनाइट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी इंटरनेटवर जे बघू नये ते त्यांच्याआधी मी बघते, त्याचा मला पगार मिळतो. शाळा आठवीला संपली – आमच्यात सगळ्यांचीच संपते – आणि नोकरी ही! मॅम अजून शेजारणींना लेकीबद्दल सांगते, "व्हर्ना पशुखाद्याच्या दुकानात असते." खोटं नाही. ऑफिस दुकानाच्या माडीवर आहे.

संध्याकाळी बापलेक दूध काढत होतो, तेव्हा डॅटना डुकरांची गोष्ट सांगितली. हसले नाहीत. म्हणाले, "डुक्कर शोधायला यंत्र कशाला लागतं? वास येतो की."

बुधवार, ६ मार्च

नवं काम मिळालं! एल्विन म्हणाला, "शेतकऱ्यांसाठी वेगळा शोध काढू. फक्त गायी. नाव गोठा. चित्रं सगळी बंद, नुसता मजकूर. आणि आत येणारं प्रत्येक पान माणसाने वाचलेलं पाहिजे."

"माणूस म्हणजे मी?"

"तू गोठ्यात वाढलीस."

मी ऑफिसात असताना गुणगुणत नाही, पण आज गुणगुणले म्हणे. एडा मेने सांगितलं.

दुपारी आयव्हन सेन्सेनिगचा फोन. फोन कसला, आरडाओरडाच. त्याला वळूंची यादी बघायची होती, कोणत्या वळूचं रेत मागवावं ते ठरवायला. यंत्राने 'रेत' म्हटल्याबरोबर दार लावलं. वर पाटी – 'काही सापडलं नाही.'

"काही सापडलं नाही म्हणजे? अमेरिकेतले वळू मेले का सगळे?"

"नाही हो आयव्हन. आमची प्रवचनकारांची कमिटी बसली की –"

"अगं, माझी गाय आज माजावर आहे! माज काय तुमच्या कमिटीसाठी थांबतो?"

शेवटी मी फोनवरच यादी वाचून दाखवली. वळूचं नाव, त्याच्या लेकींचं दूध, लेकींची कास, सगळं. एल्विन मधेच आत आला, ऐकलं, आणि आल्या पावली बाहेर गेला. पाठमोराच होता, पण कान दिसले.

शनिवार, ९ मार्च

अग्निशमन पथकाच्या मदतीसाठी वार्षिक लिलाव. चिखल घोट्यापर्यंत, नेहमीसारखाच. गोधड्यांच्या तंबूत उभी होते, तेवढ्यात पलीकडून आयव्हन ओरडला, "अहो, हीच ती! वळूवाली! आवाज ओळखला मी!"

दोनशे टोप्या माझ्याकडे वळल्या. जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. डॅट शेजारीच. त्यांनी एका जुन्या दुधाच्या किटलीवर बोली लावली, जिची आम्हाला काही गरज नाही.

सोमवार, ११ मार्च

गोठ्यासाठी वाचन सुरू. वासराची हगवण, कासदाह, खुरांचे रोग. माझ्यासारखी सुखी बाई नाही.

मंगळवार, १२ मार्च

आज एक प्रयोग केला. ऑफिसात एक यंत्र पूर्ण उघडं आहे, तपासणीसाठी. त्यावर 'वासरू दूध पीत नाही' असं शोधलं. आधी पावडर विकणारे. मग दुसरी पावडर विकणारे. मग पहिली पावडर कशी वाईट हे सांगणारा एक माणूस, तो तिसरी विकत होता. मग कोपऱ्यात एका घराची जाहिरात दिसली, आत डोकावले, आणि भानावर आले तेव्हा मी ओळख ना पाळख अशा कुठल्यातरी बाईच्या स्वयंपाकघरातल्या फरश्या बघत होते! वासरू तिकडे मेलं असतं.

मग आमच्या कच्च्या गोठ्यात तेच शोधलं. चार पानं. चारही वासराबद्दल. दार लहान असलं की आतलं लवकर हाताशी येतं, हे मला मनापासून पटलं. उद्या एल्विनला सांगणार.

पण त्या उघड्या यंत्रावर, पावडरींच्या खाली बरंच खाली, आणखी एक पान होतं. 'गायीचं ऐका.' एक पशुवैद्य बाई, विस्कॉन्सिनमधली. शेतकरी प्रश्न विचारतात, ती उत्तरं देते. काय लिहिते! छोटी वाक्यं. कुठे तोरा नाही. 'आधी तिच्याजवळ पाच मिनिटं नुसते उभे राहा. मग मला लिहा.' मी म्हटलं, सापडलं, हे गोठ्यातलं पहिलं पान.

मग वर चित्राकडे गेले. डोक्यावर टोपी नाही, केस कापलेले, विजार, हात खांद्यापर्यंत गायीच्या आत. आणि तोंडभर हसणं. पुढच्या दोन दातांत फट.

ती फट मी कुठेही ओळखेन.

डॉ. आर. नोल्ट. आमची रोडा.

बुधवार, १३ मार्च

काम सुचलं नाही. पान तीनदा उघडलं. बारा वर्षांनी तिचा चेहरा पाहिला. जाड झालीये. छान दिसते. रडू आलं, आणि त्यातच फार आनंदही झाला.

रविवार, १७ मार्च

लिहूनच टाकते.

रोडा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. एकोणिसाव्या वर्षी म्हणाली, मला गुरांची डॉक्टर व्हायचंय. म्हणजे कॉलेज. म्हणजे मंडळी, आमचं चर्च, सोडायची. बाप्तिस्मा घेऊन वर्षच झालं होतं तिला. डॅट गोठ्याच्या दारात उभे होते, ती पेटी घेऊन अंगणात. ते म्हणाले, "गायींचं मला कोणी शिकवायला नको. तुला विचारायला मी कधी येणार नाही." एवढंच. ती गेली.

मॅमच्या वाढदिवसाला ती दरवर्षी गोठ्यातल्या फोनवर फोन करते. तो वाजला की डॅट चारा टाकायला जातात. त्या दिवशी गायी दोनदा जेवतात.

नाव मात्र त्यांनी घेतलेलं नाही. बारा वर्षांत एकदाही नाही.

आणि आमचा नियम स्पष्ट आहे: मंडळी सोडून गेलेल्यांची पानं कुंपणात घ्यायची नाहीत. नियम उगाच नाही. तसली कितीतरी पानं मी स्वतः वाचलीयेत, आमच्याबद्दल इतकं विष की जेवण जाऊ नये. पण रोडाच्या पानावर आमच्याबद्दल अवाक्षर नाही. सगळं गायींबद्दल!

ते पान आत आलं तर डॅट ते वाचतील. गोठ्यातल्या खोलीत त्यांच्याकडे कुंपण आहे. दूधकंपनीचे हिशेब आता तिथेच येतात म्हणून नाइलाजाने घेतलंय. मला ते पान आत हवंय. गायींसाठी नाही. निदान इथे तरी खरं लिहावं.

सोमवार, १८ मार्च

एल्विनला सांगितलं. त्याने पेन्सिलीला टोक काढलं.

"व्हर्ना, तुझ्या बहिणीचं पान तू आत घ्यायचं नाही, तू बंदही करायचं नाही. कमिटीला दे."

"कमिटी नाही म्हणेल."

"मग नाही."

बरोबर आहे त्याचं. म्हणूनच राग आला.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी न्याहारीला मॅम म्हणाली, "तुझं ते कुंपण अगदी कुचकामी आहे गं. डॅट म्हणत होते, त्यात काही सापडत नाही."

"काय शोधत होते?"

"मी कशाला विचारू? दोन-तीन संध्याकाळी खुडबुड चालली होती. 'काही सापडलं नाही', 'काही सापडलं नाही' – मग टोपी घालून बाहेर."

डॅट माझ्या समोरच बसले होते. काकवीसारख्या मोलॅसिसच्या गोड पाय-पेस्ट्रीचा दुसरा तुकडा घेतला आणि म्हणाले, "खिळे शोधत होतो."

खिळे कुंपणात ढिगाने सापडतात. लोखंडी सामानाचा अख्खा विभाग माझ्याच हातचा आहे!

ऑफिसात दिवसभर ती पाटी डोळ्यांसमोर. 'काही सापडलं नाही.' किती पानं आपण झाकतो आणि वर ही पाटी लावतो. आयव्हनला वाटलं, वळू मेले. लपवणं एक वेळ ठीक, आमचं कामच ते. पण 'नाहीच' म्हणणं? ते खोटं बोलणं झालं! रविवारी प्रार्थनेला बसायचं आणि सोमवारपासून यंत्राकडून खोटं बोलवून घ्यायचं?

शुक्रवार, २२ मार्च

एल्विनशी भांडले. पाटी बदल म्हटलं.

"काय लिहायचं मग?"

"लिही – आहे, पण आम्ही दाखवत नाही. हवं असेल तर विचारा."

"म्हणजे लोकांना चटक लावायची? बंद कपाट दाखवून, आत मिठाई आहे असं सांगायचं?"

"पण कपाट आहे ना? मग तिथे भिंत आहे असं कसं सांगायचं?"

एडा मे म्हणाली, "एल्विन, तुझी बायको तुला कुकी संपल्या म्हणते, तेव्हा तुला जास्त राग येतो की देत नाही म्हणते तेव्हा?"

एल्विनने विचार केला. खरोखर केला. म्हणाला, "संपल्या म्हणते आणि नंतर सापडतात तेव्हा."

पाटीचा विषयही कमिटीपुढे जाणार. त्याचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला – नुसतं 'विचारा' नको, ज्याला हवं त्याने स्वतःच्या नावाने विनंती करायची, आणि ती आमच्यापैकी कोणीतरी माणूस वाचणार. नाव लिहायचं म्हटलं की माणूस निम्म्या गोष्टी मागतच नाही.

बुधवार, २७ मार्च

आयव्हनचा फोन. गाय पुन्हा माजावर आली नाही, गाभणच असणार. "वळूवालीला सांगा," म्हणाला.

गुरुवार, २८ मार्च

कमिटी. तिघे प्रवचनकार, काळे कोट. मधे लेरॉय बर्कहोल्डर, सत्तरीचे. मी आणि एडा मे कोपऱ्यात.

आधी वळू. एल्विनला 'कृत्रिम रेतन' हे शब्द मोठ्याने वाचायचे होते. त्याने ते खोकल्यात मिसळून वाचले. लेरॉय म्हणाले, "एल्विन, आम्ही तिघेही गायी पाळतो." मंजूर.

मग पाटी. यावर मात्र तासभर काथ्याकूट. एक म्हणाले, माणसाला मोह दाखवू नये. दुसरे म्हणाले, माणसाला फसवूही नये. लेरॉय म्हणाले, "माझ्या कुंपणाला फाटक आहे. फाटक आहे हे सगळ्या गायींना माहीत आहे. म्हणून काही त्या रोज पळत नाहीत." मंजूर!

शेवटी 'गायीचं ऐका.' एल्विनने कागदावर छापलेली दोन पानं वाटली. तिघे वाचत होते. एकाने तर घडी घालून खिशात टाकलं – खुरांबद्दलचं होतं.

"आर. नोल्ट," लेरॉय म्हणाले. "हा कोणत्या नोल्टांपैकी?"

एल्विनने माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. कशी राहिले देव जाणे.

"माझी बहीण. रोडा. टायटस नोल्टची धाकटी."

खाली दुकानात कोणीतरी पोती टाकत होतं.

लेरॉयनी विचारलं, "तिने आपल्याविरुद्ध काही लिहिलंय?"

"नाही. एक शब्द नाही. सगळं गायींबद्दल आहे."

"मग गायींची काही हरकत असेल असं वाटत नाही."

आधी एडा मे फसकन हसली, मग सगळेच. मला हसू आणि रडू एकदम. टोपीच्या नाड्या चावत उभी!

पण कागद खिशात टाकणारे ते प्रवचनकार हसता हसता थांबले. म्हणाले, "वाचणं वेगळं. पानाखाली प्रश्न विचारायची चौकट आहे. तो संवाद झाला. जे सोडून गेले त्यांच्याशी आपल्या लोकांचा संवाद आपण यंत्रातून जुळवून द्यायचा का?"

शेवटी ठरलं: मजकूर खुला. चौकट बंद. ज्याला प्रश्न विचारायचा असेल त्याने इतर सगळ्यांसारखी आपल्या नावाने विनंती करावी. केली तर अडवायचं नाही.

घरी येताना गाडीत मोठ्याने गात आले. खिडक्या उघड्या होत्या!

रविवार, ३१ मार्च

ईस्टर. गायन फार छान झालं. रोडा खालच्या सुरात किती गोड गायची ते आठवलं. मॅमलाही आठवलं असावं, तिने माझा हात धरला.

सोमवार, ८ एप्रिल

गोठा सुरू! जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीनशेवर शोध. तक्रारीही आल्या. एकाला ट्रॅक्टरचा पट्टा सापडला नाही. ("गोठ्यात ट्रॅक्टर नसतो का तुमच्या?") एका बाईला शेळी हवी होती. फक्त गायी म्हणजे फक्त गायी, असं मी जरा ठसक्यात सांगितलं, मग वाईट वाटलं. शेळीवालीने कुठे जायचं? चार पानांत हाताशी येतं ते गायवालीला. जिची गोष्ट आम्हाला सुचलीच नाही तिला लहान दाराचा काय उपयोग? शेळ्यांचं उद्यापासून बघते.

'गायीचं ऐका' सगळ्यांत जास्त वाचलं गेलं. आयव्हन म्हणाला, "हा आर. नोल्ट कोण आहे गं? माणूस हुशार दिसतो."

"हुशार आहेच," मी म्हटलं.

चौकटीसाठी विनंती एकही नाही. आमचे लोक! वाचतील रोज, पण नाव लिहून विचारायचं म्हणजे जीव जातो.

डॅटना घरी काही सांगितलेलं नाही. मी कोण सांगणारी? पान आहे. नवी पाटीही आहे.

शनिवार, १३ एप्रिल

आज पहाटे बेसी व्यायली. कालवड. डॅट उठले, आणि मी बघते तर काय – कोमट पाण्याची बादली! मोलॅसिस घातलेलं. बेसीने घटाघटा संपवलं तर दुसरी आणली. पन्नास वर्षं गायी पाळल्या या माणसाने, व्यायलेल्या गायीला गार हौदाचं पाणीच दिलं. रोडाच्या पानावर तिसरंच उत्तर आहे: 'व्यायल्याबरोबर दोन बादल्या कोमट पाणी. ती तुम्हाला धन्यवाद म्हणणार नाही, पण पिईल.'

"हे कोणी सांगितलं, डॅट?"

"पाणी द्यायला कोणी सांगावं लागतं का!"

मी वासरू पुसत राहिले. तोंड लपवायला वासरू बरं पडतं.

मंगळवार, १६ एप्रिल

डॅट जेवताना म्हणाले, "कुंपण आता बरं चालतं."

मॅमच्या हातातला चमचा तसाच राहिला. स्तुती आमच्या घरात ईस्टर आणि नाताळ सोडून होत नाही.

"खिळे सापडले का?" मी विचारलं.

"सापडले," ते म्हणाले. मग बटाटे घेतले. मग बऱ्याच वेळाने, बटाट्यांकडेच बघत, "विनंती केली तर ती कोण वाचतं?"

"कशाबद्दल आहे त्यावर असतं."

"गोठ्याबद्दल."

"गोठ्याबद्दलची मीच वाचते, डॅट. सगळ्या."

"हं," म्हणाले. आणि बटाटे संपवले.

शुक्रवार, १९ एप्रिल

गोठा विभागात आजची पहिली विनंती. नाव: टायटस नोल्ट. पान: 'गायीचं ऐका', डॉ. रोडा नोल्ट – पूर्ण नाव लिहिलंय, पानावर नुसतं आर. आहे. कारण: 'चौकट उघडून हवी. एक गाय चारा खात नाही. तिला विचारायचं आहे.'

आज पहाटे चारा मीच टाकला. सगळ्या गायींनी गव्हाणी चाटूनपुसून साफ केल्या होत्या.

चौकट उघडली.